टिटवी ओरडली, की दोन पावले मागे

मार्च अर्धा सरला की अंबडची पहाट आवाजांनी उजाडू लागते. मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे जाताना कडुनिंबाच्या शेंड्यावर दयाळ शीळ घालत असतो. दाट पानांत दडलेला कोकीळ एक-एक पट्टी चढवत जातो. वाळलेल्या फांदीवरून तांबटाचा ‘टुक्, टुक्, टुक्’ असा ठोका सुरू होतो आणि तो ऊन चढले तरी थांबत नाही. शिवारात गहू काढून झालेला असतो आणि पळस पानांशिवायच पेटलेला असतो. हातात कॅमेरा, किंवा नुसता मोबाइल, घेऊन बाहेर पडणाऱ्यासाठी वर्षातला याहून चांगला काळ नाही. पाने कमी, पिके निघालेली, प्रकाश स्वच्छ आणि पक्षी वर्षातल्या सर्वांत सुंदर पिसाऱ्यात.

अशाच एखाद्या सकाळी माळावरून चालताना अचानक डोक्यावर कल्लोळ होतो. ‘टिटिव-टिव-टिव’ करत टिटवीची जोडी घिरट्या घालू लागते, अंगावर झेप घेतल्यासारखी करते, पुन्हा वर जाते. फोटो काढणाऱ्याला वाटते, काय संधी मिळाली! उघडलेले पंख, लाल चोच, निळे आभाळ. तो तिथेच उभा राहून पाच-दहा मिनिटे फोटो काढत राहतो. त्याच्या पायापासून काही फुटांवर, खड्यांच्या रंगात मिसळून गेलेली चार अंडी उघड्यावर पडलेली असतात. फोटो छान येतो. त्या अंड्यांचे पुढे काय होते, हे फोटोत दिसत नाही.

वसंतात पक्षी पाहण्याचा आणि त्यांचे फोटो काढण्याचा छंद गेल्या काही वर्षांत लहान गावांतही पोचला आहे. दूरचे टिपणारे कॅमेरे आवाक्यात आले, मोबाइलवर पक्ष्यांची ओळख पटवणारी अ‍ॅप आली. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र आपल्यासाठी जो बघण्याचा हंगाम आहे, तोच पक्ष्यांसाठी घर मांडण्याचा आणि पिल्ले जगवण्याचा हंगाम आहे. त्या काळात पक्ष्याच्या शरीरात काय चालू असते हे समजले, तर कुठे थांबायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

वसंत आला, हे पक्ष्याला कसे कळते?

आपण पंचांग पाहतो, पक्षी दिवस मोजतो. अंबडमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस जवळपास ११ तासांचा असतो, तर मे महिन्याच्या अखेरीस तो १३ तासांच्या थोडा पुढे जातो. रोज मिनिट-अर्धा मिनिट होणारी ही वाढ आपल्या लक्षात येत नाही, पण पक्ष्याच्या मेंदूला ती कळते. प्रकाशाची जाणीव असलेल्या पेशी पक्ष्यांच्या डोळ्यांत असतात, तशा त्यांच्या मेंदूच्या आतल्या भागातही असतात. कवटी आणि पिसांतून झिरपणारा उजेड त्या ओळखतात आणि तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते.

दिवसाच्या लांबीचे हे गणित प्रथम प्रयोगाने दाखवले ते कॅनडातील विल्यम रोवन यांनी, १९२०च्या दशकात. अल्बर्टा प्रांतातल्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी बाहेरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस थोडा-थोडा लांबवला. बाहेर थंडी गोठवणारी होती, तरी भर हिवाळ्यात त्या पक्ष्यांची प्रजननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढली. उबेपेक्षा उजेडाचा इशारा मोठा ठरला.

विणीचा काळ नसताना पक्ष्याची ही इंद्रिये आकसून अगदी लहान होतात. उडणाऱ्या जिवाला नको तेव्हा वजन वाहणे परवडत नाही. हंगाम आला की तीच शेकडो पटींनी वाढतात. गाणे, रंग, हद्दीवरून होणारी भांडणे, घरट्याची लगबग ही सगळी त्या आतल्या बदलाची बाहेर दिसणारी रूपे आहेत. आपल्याकडे, विशेषतः पर्जन्यछायेतल्या मराठवाड्यात, दिवसाच्या लांबीला अन्नपाण्याचीही जोड लागते. म्हणून सगळे पक्षी एकाच वेळी घरटी करत नाहीत. तांबट वसंतात ढोली कोरतो, टिटवी उन्हाळ्यात अंडी घालते, तर सुगरण पावसाने गवत वाढेपर्यंत थांबते, कारण तिचे घरटे त्या ओल्या गवताच्या धाग्यांचेच असते.

निरोप घेणारे पाहुणे

वसंत म्हणजे काहींचा निघण्याचा काळ. अंबडच्या शिवारात हिवाळाभर ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची ती त्यांच्यासाठीच. याच भोरड्यांना पळसमैना असे दुसरे सुरेख नावही आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलले की त्यांचे थवे फुलांवर गर्दी करतात. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख आणि भोवती केशरी फुले, असा फोटो कुणाला नको असतो? मध पिताना त्यांच्या कपाळाला पराग लागतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर जातात.

एप्रिल सरता सरता हे थवे दिसेनासे होतात. ते मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात विणीसाठी गेलेले असतात. तिथे त्यांच्या पिल्लांचे मुख्य अन्न म्हणजे टोळ आणि नाकतोडे. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांना आवर घालण्यासाठी या पक्ष्यांना मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून दिल्या जातात. इथे ज्वारी खाणारा पक्षी तिथे पीक राखतो. एकाच गावातून पाहिले, तर पक्ष्याची अर्धीच गोष्ट कळते.

अंबड तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे आणि तिच्या वरच्या अंगाला, पैठणला, जायकवाडीचा नाथसागर. १९७६मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय १९८६मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात तिथे येणारे चक्रवाक, तलवार बदके, थापट्या आणि पट्टकादंब हंस मार्चपासून परतू लागतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट, मंगोलियाच्या पठारांकडे जाताना हिमालय ओलांडतो. शास्त्रज्ञांनी अशा हंसांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावून त्यांची उंची मोजली, तेव्हा एका हंसाची ७,२९० मीटरवरची नोंद मिळाली. विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन हे त्यामागचे एक कारण आहे. नाथसागराच्या काठावर चिखलात चरणारा हा जाडजूड पक्षी काही आठवड्यांत कुठे पोचणार आहे, हे कळल्यावर त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. त्याला विनाकारण उडवून लावणे म्हणजे त्या प्रवासासाठी साठवलेली चरबी वाया घालवणे, हेही मग लक्षात येते.

एकाच पक्ष्याचे बारा फोटो

दुर्मीळ पक्ष्यामागे धावण्यापेक्षा अंगणातला एकच पक्षी दर आठवड्याला टिपणे विज्ञानाच्या दृष्टीने जास्त शिकवून जाते. जास्वंदीवर येणारा जांभळा सूर्यपक्षी, म्हणजे शिंजीर, घ्या. विणीचा हंगाम सरला की नराचा झळाळता रंग जातो. तो मादीसारखा पिवळसर-तपकिरी दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा राहतो. पुढे पिसे बदलत जातात, अंगावर काळे ठिपके उमटतात, ते एकमेकांना मिळतात आणि वसंतात नर निळ्या-जांभळ्या झळाळीत चमकू लागतो. दर रविवारी एक असे जानेवारीपासून फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवले, तर हा बदल घरबसल्या दिसतो.

ही झळाळी निळ्या रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म धाग्यांत मेलॅनिनचे कण थरांनी रचलेले असतात. त्या थरांवरून परतणारा प्रकाश काही रंग वाढवतो, काही पुसतो. म्हणून त्याच पक्ष्याचा एक फोटो काळा येतो आणि मान जराशी वळली की दुसरा निळा येतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, प्रकाशाचा कोन बदललेला असतो. साबणाच्या फुग्यावर दिसणाऱ्या रंगांचे तत्त्वही असेच.

तांबट टिपताना आणखी एक गोष्ट दिसते. तो ‘टुक्’ म्हणतो तेव्हा त्याची चोच बंद असते. प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजू फुगतात आणि बसतात. कोकिळेबद्दलचा आपला जुना समज तर फोटोच मोडून काढतो. ‘कुहू’ अशी साद घालणारा काळा, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज ‘किक्-किक्’ असा तुटक असतो. ती गुपचूप कावळ्यांच्या घरट्यांवर पाळत ठेवून असते. अंडी तिची, उबवणी कावळ्याची.

दहा मिनिटांची किंमत

आता पुन्हा माळावरच्या त्या टिटवीकडे. टिटवी घरटे बांधत नाही. खडे, ढेकळे, वाळलेल्या काड्या यांच्यात एक खोलगट जागा करून ती बहुतेक वेळा चार अंडी घालते. अंड्यांवरचे काळपट डाग मातीत इतके मिसळतात की माहीत असूनही नजर चुकते. आई-बाप आळीपाळीने साधारण चार आठवडे ती सांभाळतात.

आपल्याला वाटते, पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब देण्यासाठी. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी त्याचे काम उलटे असते. तो अंड्यांना सावली देतो. हवेचे तापमान ४० ते ४२ अंशांवर गेलेले असते तेव्हा उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर तापतो. अंड्यातल्या वाढणाऱ्या जिवाला साधारण ३७-३८ अंशांची ऊब मानवते. त्याहून काही अंशांनी जास्त तापमान थोडा वेळ टिकले, तरी तो दगावू शकतो. म्हणून टिटवी भर उन्हात अंड्यांवर पंख सैल सोडून उभी राहते. इतकेच नव्हे, जवळच्या पाण्यात जाऊन ती पोटाची पिसे भिजवते आणि त्या ओलाव्याने अंडी व पिल्ले थंड ठेवते. अंबडच्या शिवारात तिला हे पाणी कालव्याच्या कडेला, शेततळ्यावर किंवा गुरांच्या हौदाखालच्या चिखलात मिळते.

अशा वेळी माणूस तिथे दहा मिनिटे उभा राहिला, तर टिटवी दहा मिनिटे आभाळात ओरडत राहते आणि अंडी दहा मिनिटे उन्हात राहतात. शिवाय तिचा आरडाओरडा ऐकून कावळा जवळच्या बाभळीवर येऊन बसतो. माणूस कुठे वाकला, कुठे बघत होता, हे तो नीट पाहतो. माणसाची पाठ वळली की तो खाली उतरतो. माळटिटवी, धाविक, चंडोल अशा जमिनीवर अंडी घालणाऱ्या सगळ्याच पक्ष्यांना हा धोका असतो. गोदावरीसारख्या नदीच्या वाळूच्या बेटांवर अंडी घालणाऱ्या नदी सुरयाला तर माणूस, कुत्री आणि वाळूचा उपसा या तिन्हींना तोंड द्यावे लागते.

झाडावरच्या घरट्यांची गोष्ट फार वेगळी नाही. मोसंबीच्या बागेत बुलबुलाचे घरटे हाताच्या उंचीवर सापडते. फोटो नीट यावा म्हणून समोरची एक डहाळी बाजूला केली, की घरट्यावरची सावली जाते आणि आडोसाही. पिल्ले उडण्याच्या बेतात असतील, तर घाबरून वेळेआधीच खाली उडी टाकतात. आवाजाची ध्वनिफीत लावून पक्ष्याला जवळ बोलावण्याची युक्तीही अशीच महागात पडते. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून पक्षी घास भरवायचे सोडून भांडायला येतो.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. बंदूक न उचलताही शिकार होऊ शकते, असाच त्याचा अर्थ.

मग फोटो काढायचा कसा?

पहिला नियम सोपा आहे. पक्ष्याचे वागणे बदलले, की आपण जास्त जवळ गेलो. तो मान उंचावून आपल्याकडे बघू लागला, खाणे थांबले, ओरडू लागला, चोचीत अळी धरून फांदीवर नुसताच बसून राहिला, तर समजायचे की घरटे जवळ आहे आणि तो आपल्यामुळे तिथे जात नाही. आल्या वाटेने, जमिनीकडे बघत, हळूच मागे फिरायचे.

दुसरे, पक्ष्याकडे जाण्यापेक्षा पक्षी येईल तिथे बसायचे. फुललेला पांगारा, उंबराचे झाड, पाणवठ्याची कड अशा जागेपासून अंतर राखून, मळकट रंगाचे कपडे घालून, झाडाला टेकून अर्धा तास गप्प बसले की आजूबाजूचे जग आपल्याला विसरते. उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाला पक्षी कमी घाबरतात आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला फोटोही अधिक जिवंत येतो. उन्हाळ्यात घरासमोर सावलीत, मांजर पोचणार नाही अशा ठिकाणी मातीचे परळ भरून ठेवले, तर चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, सातभाई आपणहून येतात. परळ उथळ असावे. ते रोज घासून पाणी बदलावे, कारण साचलेल्या घाण पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात आणि डासही होतात.

तिसरे, वेळ. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. तेव्हा पक्षी गातात, प्रकाश तिरपा आणि मऊ असतो. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी कालावधीचा ठेवावा लागतो आणि त्याला पुरेसा प्रकाश लागतो. पण ऊन चढल्यावर भारी कॅमेऱ्यानेही माळावरचा दूरचा पक्षी धूसरच येतो. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा वर चढते, गार हवा खाली येते, त्या दोन्हींतून येताना प्रकाश सतत वाकतो आणि चित्र थरथरते. मृगजळ ज्यामुळे दिसते, तेच कारण इथेही असते. थोडक्यात, सकाळी नऊनंतर टिटवीला सावलीसाठी एकटे सोडणे पक्ष्याच्या भल्याचे आहे आणि फोटोच्याही.

चौथे, घरट्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत आणि विणीच्या जागेचा नेमका ठिकाणा जाहीर करू नये. एकाच्या पाठोपाठ वीस जण येतात आणि प्रत्येकाला वाटते, आपण तर पाचच मिनिटे थांबलो.

तारीख लिहिलेला फोटो

फोटो सुंदर असणे ही एक गोष्ट आणि उपयोगी असणे ही दुसरी. तारीख, वेळ, गाव आणि संख्या लिहिलेला धूसर फोटोसुद्धा अभ्यासकाला मोलाचा वाटतो.

डॉ. सालिम अली यांनी १९३०च्या सुमारास सुगरण पक्ष्याचा गाजलेला अभ्यास केला, तो अलिबागजवळच्या किहीम गावी, घराच्या शेजारीच. शिडीवर कापडी आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि टिपणे काढत. सुगरण नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो आणि मादीने पसंत केले तरच ते पुरे करतो, मग दुसरे विणायला घेतो, हे त्या बसण्यातून उलगडले. त्यानंतर लगेच, १९३१-३२मध्ये, त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४मध्ये छापलेल्या त्या नोंदी आज नव्वद वर्षांनंतरही ताडून पाहायला उपलब्ध आहेत.

आता अशा नोंदींसाठी शिडीवर बसणारा शास्त्रज्ञच हवा असे नाही. ‘ई-बर्ड’सारख्या संकेतस्थळावर कोणीही आपल्या गावची पक्ष्यांची यादी टाकू शकतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल ३० हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा राहिला. त्यात ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, असे म्हटले आहे. माळराने आणि मोकळ्या शिवारात राहणारे पक्षी विशेष कमी होत आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो चाष म्हणजे नीळकंठ, विजेच्या तारेवर रोज दिसतो म्हणून आपल्याला नेहमीचा वाटतो. पण देशभरात त्याची संख्या ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचा या अहवालाचा अंदाज आहे आणि जागतिक लाल यादीतले त्याचे स्थान पुन्हा तपासावे, अशी शिफारस त्यात आहे. कोकीळ मात्र वाढतो आहे. ही दोन्ही उत्तरे मिळाली, ती साध्या माणसांनी साध्या पक्ष्यांची नोंद केली म्हणून.

तारखेला महत्त्व का, याचे एक उदाहरण नेदरलँड्समधले आहे. तिथे आफ्रिकेतून परतणारा एक छोटा माशीमार पक्षी पिल्लांना अळ्या भरवतो. हवा तापू लागल्याने काही जंगलांत अळ्यांचा हंगाम लवकर येऊ लागला, पण पक्ष्याचे येणे तितके लवकर झाले नाही. जिथे अळ्या सर्वांत आधी येत, तिथे दोन दशकांत त्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरली, असे २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे कळू शकले, कारण कोणीतरी वर्षानुवर्षे तारखा लिहून ठेवल्या होत्या. अंबडला पळस कधी फुलला, शेवटच्या भोरड्या कधी दिसल्या, कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, टिटवीची पिल्ले कधी धावताना दिसली, एवढ्या चार ओळी दर वर्षी वहीत पडल्या, तरी दहा वर्षांनी ती वही गावची ठेव होईल.

बघणाऱ्याची तब्येत

या छंदाचा फायदा फक्त पक्ष्यांना नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२९२ जणांना मोबाइल अ‍ॅपवरून दिवसातून अनेकदा विचारले, आत्ता पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो का, आणि मन कसे आहे? पक्षी दिसल्या-ऐकल्यावर लोकांना अधिक बरे वाटत होते आणि हा परिणाम काही तास, अगदी आठ तासांपर्यंत, टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तो आढळला. त्याच वर्षी जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २९५ जणांना सहा मिनिटे पक्ष्यांचे किंवा रहदारीचे आवाज ऐकवले. पक्ष्यांच्या आवाजाने अस्वस्थता आणि अनाठायी संशय कमी झाले, रहदारीच्या आवाजाने उदासी वाढली. पक्षी ऐकणे हा औषधाला पर्याय नव्हे, डॉक्टरांची गोळी थांबवायची नाही. पण सकाळच्या फिरण्याला कान आणि डोळे जोडले, तर खर्च काहीच येत नाही.

काळजी मात्र घ्यायला हवी. चैत्र-वैशाखाचे ऊन पक्ष्यांना लागते, तसे माणसालाही लागते. डोक्याला टोपी किंवा उपरणे, सोबत भरपूर पाणी आणि दहाच्या आत घरी, हा शिरस्ता ठेवावा. चक्कर, मळमळ, डोके दुखणे, पायात गोळे येणे अशी लक्षणे दिसली की लगेच सावलीत बसावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अंग ओल्या कपड्याने थंड करत ताबडतोब दवाखाना गाठावा. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. एकाच जागी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

मे सरत आला की अंबडच्या शिवारात आणखी एक आवाज घुमू लागतो. पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत स्वर चढवत नेतो आणि नांगरट आटपलेला शेतकरी आभाळाकडे बघतो. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, खोलगटात घातली की कमी, असा अंदाज बांधण्याची जुनी रीतही अनेकांना आठवते. तो अंदाज खरा ठरो न ठरो, तो बांधणाऱ्या माणसाला टिटवीची अंडी कुठे आहेत हे माहीत असायचे आणि नांगर तेवढी जागा सोडून पुढे जायचा.

कॅमेरा हातात घेतलेल्याने एवढेच करायचे आहे. टिटवी ओरडली की दोन पावले मागे सरायचे. ती खाली उतरून अंड्यांवर सावली धरीपर्यंत लांब बाभळीखाली बसून राहायचे. तेव्हा जो फोटो मिळेल, त्यात पक्षी लहान दिसेल, पण तो आपल्या कामात असेल. मग वही काढून तारीख लिहायची.